ग्रिमरॉक आणि चौकटीची वही
‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ या भुयारात फिरण्याच्या कॉम्प्युटर गेममधली कोडी अन्यायकारक आहेत, यूट्यूबशिवाय सुटतच नाहीत, असं या चर्चेत दोघा-तिघांनी म्हटलंय. अर्धंच पटलं. भिंतीतलं ते बारीकसं बटण, म्हणजे एका दगडाचा जेमतेम उठलेला तुकडा, मशालीच्या उजेडात डोळे फोडून शोधावं लागतं, हे खरंच. पण बाकीची बरीचशी कोडी साध्या व्यवहारज्ञानाची आहेत. एखाद्या फरशीवर वजन आहे तोवरच दार उघडं राहतं ना? मग तिथे एक दगड ठेवा आणि पुढे चला. मी मात्र पहिले कित्येक तास सगळे दगड तिथल्या राक्षसी गोगलगायींना फेकून मारण्यात घालवले!

नकाशाचा विषय कुणी काढलेला दिसत नाही. नवा खेळ सुरू करताना ‘ओल्ड स्कूल मोड’ निवडला की आपोआप बनणारा नकाशा बंद होतो. हा २०१२ चा फिनिश खेळ मुळात १९८७ च्या ‘डंजन मास्टर’ या खेळाला केलेला मुजरा आहे, त्यामुळे सगळं चौकटींवर चालतं. एक पाऊल म्हणजे एक घर. मी मुलाची गणिताची चौकटीची वही ढापली आणि पेन्सिलने आखत गेलो. दोन बोळांच्या मधे चार घरं कोरी राहिली, तेव्हा ट्यूब पेटली, तिथे गुप्त खोली असणार. त्या बाजूच्या भिंती पुन्हा चाचपल्या आणि बटण सापडलं. आत काय, तर एक चिलखत आणि थोडं खाणं. पण वहीत ती चार घरं भरताना जी मजा आली! (मुलाला नवी वही आणून दिली, बरं का.)