मदत हवी आहे: खासगी मोटारीवरील वाहतूक-दंडाच्या तिकिटामुळे ट्रकचालकाची नोकरी जाऊ शकते का?

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, ओहायो राज्यात, अठराचाकी ट्रक चालवतो. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोटारीतून मुलांना घेऊन जात असताना मर्यादेपेक्षा ताशी 18 मैल अधिक वेग असल्याचे तिकीट त्याला मिळाले.

संघीय नियमांनुसार 15 मैल किंवा त्याहून अधिक जादा वेग हे ‘गंभीर उल्लंघन’ ठरते. मात्र खासगी गाडीतील असा गुन्हा व्यावसायिक परवान्याच्या अपात्रतेसाठी तेव्हाच धरला जातो, जेव्हा त्यामुळे वाहन चालवण्याचा परवानाच निलंबित किंवा रद्द होतो. तेवढा दिलासा आहे. खरी धास्ती त्याच्या ट्रक कंपनीची आणि तिचा विमा उतरवणाऱ्या कंपनीची वाटते, कारण दोष सिद्ध झाल्यास गाडी कोणतीही असो, 30 दिवसांच्या आत नोकरी देणाऱ्या कंपनीला लेखी कळवावेच लागते, आणि सुरक्षित वाहनचालनाचा प्रशिक्षणवर्ग करून गुन्ह्याची नोंद झाकण्याची सवलत व्यावसायिक परवानाधारकाला मिळत नाही. घराचे हप्ते त्याच्या एकट्याच्या पगारावर चालले आहेत.

तेथील ट्रक व्यवसायातील किंवा वकिली करणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे: वकील देऊन खटला लढवणे हिताचे, की निमूटपणे दंड भरणे? निकालापूर्वीच कंपनीला विश्वासात घ्यावे का? आणि पुढे नोकरी बदलताना नवी कंपनी अशा एका नोंदीकडे कितपत गांभीर्याने पाहते?