तारखांचा आखूड हिशेब: दोष जुन्यांचा की आपला?

मूळ मत

युनिक्स या जुन्या संगणक कार्यप्रणालीच्या धर्तीच्या प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) चिन्हांकित, म्हणजे अधिक-उणे दोन्ही दाखवणाऱ्या पूर्णांकात ठेवला, की तो २१४७४८३६४७ च्या पुढे जाऊच शकत नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा गाठली जाईल आणि पुढच्याच सेकंदाला तारीख १३ डिसेंबर १९०१ दिसू लागेल.

असाच आखूडपणा त्याआधी वर्ष लिहिण्यात झाला होता. ऐंशी रकान्यांच्या पंच कार्डावर (भोके पाडून माहिती नोंदवायच्या कार्डावर) १९७० ऐवजी नुसते ७० लिहून वर्षाचे दोन अंक वाचवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या काळी साठवण खरोखरच महाग होती. माझा आक्षेप आहे तो ‘००’ हे १९०० समजले जाऊ नये म्हणून २००० सालाच्या तोंडावर झालेल्या दुरुस्त्यांवर. वर्ष चार अंकी करण्याऐवजी कित्येक ठिकाणी ‘०० ते १९ म्हणजे २००० नंतरचे, उरलेले १९०० नंतरचे’ असा नियम बसवला गेला, आणि २०२० उजाडताच तोच नियम उलटला, कारण ‘२०’ हे १९२० ठरू लागले. धोका पुरता ठाऊक असताना तो वीस वर्षे पुढे ढकलणे ही माझ्या मते बेजबाबदारी आहे.

प्रतिसाद १ (असहमत)

‘बेजबाबदारी’ हा शब्द मला अन्यायकारक वाटतो. मुदत डोक्यावर असताना लाखो नोंदींची रचना बदलण्यापेक्षा नियम बदलणे सुरक्षित होते, आणि २००० साल मोठ्या पडझडीविना पार पडले त्यात अशा तडजोडींचाही वाटा आहे. २०३८ बाबत तर काम बरेच पुढे गेले आहे. ओपनबीएसडी या युनिक्सच्या धर्तीच्या प्रणालीने २०१४ मध्येच वेळेसाठी ६४ बिट स्वीकारले आणि लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) ५.६ या आवृत्तीने २०२० मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही ती सोय केली. बाकीची जुनी यंत्रे तोवर बदलली जातीलच.

प्रतिसाद २ (प्रतिसाद १ ला उत्तर)

‘बदलली जातीलच’ याच गृहीतकाने दोन अंकी वर्ष इतकी दशके टिकवले. शिवाय कर्नल सुधारला म्हणून फायलींचे साचे आणि डेटाबेसमधले रकाने आपोआप सुधारत नाहीत. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतला ‘टाइमस्टॅम्प’ हा तारीख-वेळ साठवण्याचा प्रकार आजही २०३८ पाशीच थांबतो. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काढणारा प्रोग्राम तर २०१८ मध्येच या मर्यादेला धडकतो. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरचे उदाहरण पाहा. तिथे तारखेवरून बनवलेला २२०१०१०००१ हा आवृत्ती क्रमांक ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावला नाही आणि १ जानेवारी २०२२ रोजी अनेक सर्व्हरवर ईमेल रांगेत अडकून पडले. हा कोड पंच कार्डांच्या जमान्यातला नव्हता.

प्रतिसाद १

एक्स्चेंजचे उदाहरण मान्य. तिथे साठवणीची सबब चालत नाही. तरीही सरसकट सगळे बदला म्हणणे मला पटत नाही, कारण चालू प्रणालीतल्या तारखेच्या रकान्याला हात लावला, की त्यावर विसंबलेले दहा प्रोग्राम मोडू शकतात.

मूळ मत (पुन्हा)

सरसकट बदलाची मागणी माझीही नाही. चाचणीच्या यंत्राचे घड्याळ २०३८ च्या पुढे नेऊन काय मोडते ते आधी पाहावे, आणि जिथे तडजोड अटळ असेल तिथे ती कोणत्या तारखेला संपते हे कोडमध्ये व कंत्राटातही लिहावे. २०२० ला अडलेल्यांपाशी एवढी एक नोंद असती, तरी त्यांना तयारीला पुरेसा वेळ मिळाला असता.