मदत हवी आहे: आमचं शेत नकाशात 'बांधकाम' दिसतंय!

वायंगणकार
गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शेतजमिनीवर बांधकाम किती चढलं, असा प्रबंधाचा विषय. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्राचं वर्गीकरण (शेत, झाडं, बांधकाम असे वर्ग) केलं तर अर्धा तालुका लाल, म्हणजे बांधकाम! आमचं शेतही लाल, जिथे आजी नि तिची म्हैस सोडून काही नाही. सॉफ्टवेअरला वर्ग शिकवायचे सॅम्पल तीनदा घेतले. सोमवारी गाईडला दाखवायचंय, लवकर सांगा.

नकाशेकर
उपग्रह कुठला? साल? महिना? एवढ्यावर ज्योतिषीसुद्धा सांगणार नाही.

सडेकर
क्यूजीआयएस सोडा, गूगलचं अर्थ इंजिन घ्या. मी सगळं त्यातच करतो.

नकाशेकर
भांडं बदललं म्हणून करपलेला भात सुधारत नाही, सडेकर.

वायंगणकार
लँडसॅट, २००५ आणि २०२३. महिना एप्रिल, ढग नसतात ना.

भाटकार
शेत कुळाचं आहे का? १९९१चा जमीन वापर कायदा वाचा, तिथे बांधकाम चालतच नाही. आधी एक-चौदा (जमिनीचा उतारा) काढा.

सडेकर
बाब, उपग्रहाला एक-चौदा दिसत नाही.

नकाशेकर
एप्रिल, तिथेच गोम आहे. सरद (पावसाळी भाताचं) शेत कापून सहा महिने झालेले, माती भाजलेली. लघु अवरक्त पट्ट्यात (डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात) कोरडी माती, सड्यावरचा, म्हणजे खडकाळ माळावरचा, जांभा आणि सिमेंट जवळपास सारखेच चमकतात. बांधकाम निर्देशांक (बांधकाम ओळखायचं सूत्र) त्याच पट्ट्यावर चालतो, म्हणून तोही फसतो. पाऊस सरल्यावरचं एक चित्र जोडा. शेत रंग बदलतं, घर बदलत नाही. पडीक शेत आणि सडा यांचे वर्ग वेगळे ठेवा.

सडेकर
आणि माडांखालच्या घरांचं काय? लँडसॅटचा एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर. कुळागरातलं (माडा-पोफळींच्या बागेतलं) घर त्यात झाड म्हणूनच जाणार. सेंटिनेल-२ उपग्रह घ्या, चौकोन १० मीटरचा.

नकाशेकर
२००५चं सेंटिनेल कुठून आणू? ते २०१५ला वर गेलं.

वायंगणकार
बरं, २००५च्या चित्रात काळे तिरपे पट्टे आहेत, तेही एप्रिलमुळेच का?

नकाशेकर
हे आता सांगताय?! ते लँडसॅट ७. मे २००३मध्ये त्याचा स्कॅन लाइन करेक्टर (चित्राच्या ओळी जुळवणारा भाग) बिघडला, तेव्हापासून पट्टे. लँडसॅट ५चं चित्र सापडतं का बघा.

भाटकार
एक-चौदा काढलात?

वायंगणकार
पाचचं सापडलं, नोव्हेंबरचंही जोडलं. आजीचं शेत परत शेत झालं. पण आता २०२३मध्ये मोपा विमानतळाची धावपट्टी सड्याच्या वर्गात गेलीय. कोणी जागं आहे का?