ट्रेकिंग पोलची झिजलेली टोकं बदलायची आहेत, जुनं टोक निघतच नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न एवढासा आहे, पण आठ दिवस त्यातच अडकलेय.

२०१७ साली अन्नपूर्णा बेस कँपला गेले होते, तेव्हा काठमांडूत ठमेलमधल्या एका दुकानातून ट्रेकिंग पोलची जोडी घेतली. अॅल्युमिनियमचे, तीन भागांचे, पिळून घट्ट करायचे. वर एका बड्या कंपनीचं नाव होतं, पण ठमेलला कुठल्या मालावर कुठलं नाव चिकटवलेलं असतं ते जाऊन आलेल्यांना माहीत असेलच. आता तर तो स्टिकरही उडालाय. तरी काठ्यांबद्दल तक्रार नाही. कळसूबाई, तोरणा, नाणेघाट, दोनदा हरिश्चंद्रगड, एवढं सगळं माझ्या गुडघ्यांनी त्यांच्याच जिवावर केलं.

सप्टेंबरात राजगडाहून पाली दरवाज्याने उतरत होते. पूर्वी कातळावर काठी टेकली की 'टिक' वाजायची. त्या दिवशी उजवी काठी 'थप्' करत होती, जेवणाच्या पाटावर वाटी ठेवावी तशी. लक्ष दिलं नाही. एका ओल्या पायरीवर भार टाकला, काठी सरकली आणि मी माकडहाडावर बसले. मोडलं काही नाही, पण चार दिवस उशीवर बसून स्वयंपाक.

घरी येऊन टॉर्च मारून पाहिलं. उजव्या टोकातला धातूचा मणी गायबच. तिथे नुसतं भोक, आणि भोवतीचं प्लास्टिक चावलेल्या दातणासारखं पसरलेलं. डाव्यातला मणी आहे, पण एका बाजूचा कपचा उडालाय.

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले तर मुलाने रबरी टोप्या पुढे केल्या. "मॅडम, टोक नाही मिळत, नवीन पोल घ्या." दोन टोकांसाठी दोन अख्खे पोल? मन होईना. मग फडकं गुंडाळून पकडीने ओढून पाहिलं. चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात दोन मिनिटं धरून पुन्हा ओढलं. फडकं निसटलं, हात भाजला, टोक जागचं हललं नाही. अहो गॅसच्या ज्योतीवर धरायला निघाले होते, त्यांना थांबवलंय.

तर जाणकारांनो, हे निघतं कसं? आत गोंद असतो का? नवं टोक घेताना माप कशाचं घ्यायचं? की सरळ लेथवाल्याकडून लोखंडी टोक करून घेऊ? डिसेंबरात खिरेश्वरहून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड ठरलाय, त्याआधी व्हायला हवं.

आगाऊ धन्यवाद.
– साळुंकी


कातळकडा

ताई, गॅसवर धरू दिलं नाहीत ते उत्तम केलंत. प्लास्टिक वितळून नळीला चिकटलं असतं आणि मग कायमचं बसलं असतं.

बहुतेक पोलमध्ये गोंद नसतो. नळी खाली किंचित निमुळती असते आणि टोक तिच्यावर दाबून बसवलेलं असतं. प्रत्येक पावलागणिक तुम्ही स्वतःच ते आणखी आत ठोकत असता. इतक्या वर्षांचं ठोकणं पकडीच्या एका हिसक्याने कसं सुटेल?

ओढू नका, ढकला. आधी टोकावरची गोल चकती (बास्केट) पिळून काढा. मग खालचा भाग पोलमधून पूर्ण सुटा करा. तुमचा पिळायचा पोल आहे, म्हणजे त्या भागाच्या वरच्या टोकाला फुगणारा प्लास्टिकचा तुकडा असणार. जोडलेल्या पोलवर ठोकाठोकी केलीत तर तो बिघडेल. आता उकळत्या पाण्यात नुसतं टोक बुडवून चांगली चार मिनिटं धरा. पाणी उकळत राहिलं पाहिजे, गॅस बंद करून नव्हे. बाहेर काढल्या काढल्या स्क्रू पान्याचा जबडा नळीभोवती आणा, नळी जेमतेम सरकेल एवढाच उघडा ठेवा, आणि टोकाच्या वरच्या कडेला टेकवा. मग पान्यावर हातोडीने टोकाच्या दिशेने छोटे छोटे ठोके. पाना नळीवर आवळायचा नाही, तो फक्त कडेला अडायला हवा.

दोन माणसं लागतात. एकाने नळी धरायची, एकाने ठोकायचं. अहोंना गॅसवरून इकडे वळवा.


तिरकस

एवढा खटाटोप कशाला? मेडिकलमध्ये आजोबांच्या काठीचा रबरी बुश मिळतो, तो ठोका आणि निघा.


साळुंकी

तिरकसराव, तेही करून झालं. आजोबांची काठी जाड, माझ्या पोलचं टोक बोटाएवढं. बुश घंटेसारखा लोंबत होता.


लेथवाला

लोखंडी टोकाबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, पंचवीस वर्षं लेथवरच गेली.

करून देईल कोणीही, पण करू नका. तुमच्या टोकातला तो मणी टंगस्टन कार्बाइडचा असतो. हॅमर ड्रिलच्या बिटच्या अणीला जो तुकडा असतो, तोच माल. मोह्जच्या कठीणपणाच्या मापाने तो ९ च्या आसपास, आपला काळा बेसॉल्ट ६ च्या आसपास, आणि साधं लोखंड ४-५. म्हणजे कातळ लोखंडाला खातो, कार्बाइडला खाऊ शकत नाही. पण कार्बाइड ठिसूळ असतं, झिजण्याआधी त्याचा कपचा उडतो. तुमच्या डाव्या काठीचं तेच झालंय. उजवीचा मणी झिजला नसावा. भोवतीचं प्लास्टिक झिजून पकड गेली आणि तो कुठेतरी राजगडावर पडला.

दुसरं म्हणजे टोक प्लास्टिकचं ठेवतात ते पैसे वाचवायला नव्हे. दोन दगडांच्या फटीत काठी अडकली आणि तुम्ही पुढे गेलात की काहीतरी वाकणार किंवा मोडणार. ते स्वस्तातलं टोक असावं, नळी असू नये. लोखंडी टोक बसवलंत तर टोक शाबूत राहील आणि नळी 'ळ' होऊन हातात येईल. शिवाय काठीच्या पार खाली वजन वाढलं की दिवसभर झुलवताना मनगट बोलायला लागतं.

माप घेण्यासाठी टोक निघू द्या. व्हर्नियर नसेल तर कागदाची अरुंद पट्टी नळीच्या शेवटी एकदा गुंडाळा, जिथे मिळते तिथे पेनाने खूण करा, उलगडून मोजा आणि ३.१४ ने भागा. अशीच दुसरी पट्टी तीन सेंटिमीटर वर. दोन आकड्यांतल्या फरकावरून निमुळतेपणा कळतो.


माळावरचा

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या गावी काठीच्या बुडाला जे लोखंडी टोपण असतं त्याला शेंबी म्हणतात. मेंढक्यांच्या काठ्यांना हमखास. तुमच्या पोलची शेंबी गेलीय असं म्हणा की. गाडीच्या चाकाची धाव लोहार लाल तापवून चढवतो, गार झाली की चाकाला आवळून बसते. तापलं की सैल, निवलं की घट्ट. तुमच्या पातेल्यात तेच चाललंय.


साळुंकी

शेंबी! माझी आजी म्हणायची हा शब्द. कित्येक वर्षांनी ऐकला.

शनिवारी दुपारी बसते पाना घेऊन.


दूरदेशी

मी श्टुटगार्टजवळ राहतो. पोल बनवणारी लेकी कंपनी इथून जवळच, किर्शहाइमची. लेनहार्ट आडनावातलं 'ले' आणि किर्शहाइममधलं 'कि', असं ते नाव झालंय. १९४८ ची कंपनी. लांबी कमीजास्त करता येणारा 'मकालू' पोल त्यांनी १९७४ मध्ये काढला.

सुटी टोकं इथे जोडीने मिळतात. पण ताईंनी ब्रँड बघून मागवू नये, आतल्या भोकाचं माप लिहिलेलं असेल तेच घ्यावं. प्रत्येक कंपनीचा निमुळतेपणा वेगळा. वरची नक्कल हुबेहूब असली तरी नळी तशीच असेल असं नाही.

हा धागा वाचून कुणी कार्बन फायबरच्या पोलवर प्रयोग करणार असेल तर सांभाळून. कार्बनची नळी पान्यात किंवा व्हाइसमध्ये दाबली की वरून काही दिसत नाही, आतून तडकते. हीट गनही नको, तिच्या उष्णतेने धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं. उकळतं पाणी आणि संयम, एवढंच.


साळुंकी

शनिवारचा वृत्तांत.

उजवी: चार मिनिटं उकळली, अहोंनी नळी धरली, मी ठोकलं. सहा-सात ठोक्यांपर्यंत काही नाही. मग केसाएवढी फट दिसली. पुन्हा दोन मिनिटं पाण्यात, पुन्हा ठोके, आणि टोक सुटून थेट ओट्याखाली. नळी उलटी केली तर आतून तपकिरी पाणी आणि ओली माती. राजगडाची म्हणायची, की कुठची कोण जाणे. नळीच्या शेवटी पांढरी भुकटी साचली होती, ती बारीक पॉलिश पेपरने काढली.

डावी: तीन वेळा उकळली. नाही म्हणजे नाही. वरची कड ठोकून ठोकून चेंबली, आता पान्याला टेकायलाही जागा उरलेली नाही.

मापं अशी: शेवटी पट्टी ३१ मिमी, म्हणजे व्यास जवळपास ९.९. तीन सेंटिमीटर वर ३३ मिमी, म्हणजे १०.५.


लेथवाला

डावीत पाणी शिरून अॅल्युमिनियम गंजलंय, त्या पांढऱ्या भुकटीनेच टोक धरून ठेवलंय. आता ते वाचवायचा प्रयत्न सोडा, तसंही टाकायचंच आहे. हॅक्सॉचं नुसतं पातं हातात घ्या, एका बाजूला चिंधी गुंडाळा, आणि प्लास्टिकवर वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडा. घाई नको. प्लास्टिकचा कीस एका रंगाचा येतो, त्यात चंदेरी कण दिसला की थांबा, नळी लागली. मग चिरेत जाड स्क्रू ड्रायव्हर घालून पिळा, टोक शेंगेसारखं उकलेल.

माप बघता १० मिमी भोकाचं टोक घ्या. नवं टोकही गरम पाण्यात बुडवून, नळीवर चढवून, लाकडी पाटावर उभं दाबा. हातोडी नको, कार्बाइडवर हातोडी म्हणजे पुन्हा कपचा.


तिरकस

आणि वर फेविक्विकचे दोन थेंब. विषय संपला.


कातळकडा

विषय पुढच्या वेळेपुरता संपेल खरा, कारण मग ते टोक कधीच निघणार नाही. फेविक्विक, एम-सील, अरल्डाइट काहीही नको. फारच सैल वाटलं तर ग्लू गनच्या कांडीचा पातळ थर द्या. तो पुन्हा उकळत्या पाण्यात मऊ पडतो.

आणि पिळायच्या पोलमध्ये आत तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे घालू नका. भाग सरकायला मस्त लागतात, पण मग भार टाकला की घट्ट केलेली काठी आपोआप आखडते. ट्रेकहून आल्यावर तिन्ही भाग वेगळे करून सावलीत वाळवा, पुसा, बस. तेवढं केलं असतंत तर डावीने एवढं छळलं नसतं.


साळुंकी

मान्य. नऊ वर्षांत एकदाही भाग सुटे करून वाळवलेले नाहीत. तशाच माळ्यावर.

अजून एक शंका. रबरी टोप्या घालून चढावं की न घालता?


कातळकडा

डांबरी रस्ता, गावातली फरशी, कोरडा गुळगुळीत कातळ इथे रबर. माती, मुरूम, घसारा, गवताळ उतार इथे उघडं टोक. ओल्या शेवाळलेल्या बेसॉल्टवर दोन्ही सारखीच निकामी, तिथे काठीवर भार टाकायचाच नाही, हाताचा तळवा टेकवायचा. टोलार खिंडीच्या वर रेलिंगचा टप्पा आहे तिथे तर दोन्ही पोल सरळ सॅकला बांधा आणि हात मोकळे ठेवा. कळसूबाईच्या शिड्यांवरही तेच.

एक विनंती. गडावरच्या पायऱ्या, लेण्यांची जमीन, देवळाची फरशी इथे रबर घाला. कार्बाइड कातळावर पांढरे ओरखडे पाडतं. गर्दीच्या गडांवर बघा, जुन्या पायऱ्यांवर टिंबंच टिंबं दिसायला लागलीत. चिखलात मात्र रबर काढून खिशात ठेवा, नाहीतर चिखल ते गिळतो.


साळुंकी

शेवटचा वृत्तांत, बारा दिवसांनी.

डावीचं टोक शेंगेसारखंच उकललं. नळीवर नखाएवढा एक ओरखडा पडला, तो माझ्या घाईचा. टोकांची जोडी ऑनलाइन मागवली, भोक १० मिमी. उजवी दाबताच गच्च बसली. डावीची नळी घासून साफ करताना बहुधा जास्तच घासली गेली, ती किंचित सैल आहे.

काल आतकरवाडीतून सिंहगड चढून आले. उजवी पक्की. डावीचं टोक एका ओल्या वळणावर चिखलातून उपसताना अर्धा सेंटिमीटर खाली सरकलं, तिथेच दगडावर दाबून परत बसवलं. शेजारच्या मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टची ग्लू गन मागून आणलीय, आज संध्याकाळी पातळ थर देते.

आता नवीनच भानगड. जुन्या चकत्या नव्या टोकांच्या आट्यांवर चढत नाहीत, एक फेरा घेऊन अडकतात. पावसाळा संपलाय, त्यामुळे हरिश्चंद्रगडाला चकत्यांवाचून चालेल ना? की घसाऱ्यात काठी खोल जाईल? आणि जुन्या चार चकत्या अगदी धडधाकट आहेत, पुण्यात कुणाला लागत असतील तर सांगा.

लेथवाले दादा, कातळकडा, तुमच्या दोघांकरता एकेक कप चहा राहिला. पातेलं घासून ठेवलंय.