'प्रमाणित फाइल' म्हणावं का?

शब्दवेल्हाळ
जाहिराती घुसवणारं आणि नको असलेलं सॉफ्टवेअर शोधणाऱ्या एका प्रोग्रॅमचा मजकूर मराठीत करते आहे. दोन शब्दांवर अडले.

ज्या फाइलवर डिजिटल स्वाक्षरी आहे, तिला तपासणीच्या निकालात काय म्हणायचं? हाती आलेल्या मसुद्यात एकदा 'प्रमाणित', एकदा 'अधिकृत' आणि एकदा 'सुरक्षित' असं लिहिलेलं आहे.

दुसरा शब्द 'पोटेन्शियली अनवाँटेड प्रोग्रॅम', म्हणजे पीयूपी. मसुद्यात 'संभाव्य अवांछित प्रोग्रॅम' आहे. वाचताना जीभ अडखळते आणि अर्थही नीट पोचत नाही.

खातरजमा
आधी 'सुरक्षित' काढा. या एका शब्दाने पूर्ण निकाल खोटा ठरतो.

स्वाक्षरी करताना फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा छोटा आकडा, काढतात आणि त्यावर खाजगी किल्लीने, म्हणजे सही करणाऱ्यापाशीच असलेल्या गुप्त आकड्याने, सही होते. तपासणारा तिच्या जोडीची, सर्वांना खुली असलेली सार्वजनिक किल्ली वापरून सही पडताळतो. यातून दोनच गोष्टी कळतात: सही कोणाची आहे, आणि सही झाल्यावर फाइल बदलली आहे का. विंडोजमधली ही ऑथेंटिकोड पद्धत १९९६पासूनची आहे, आणि तेव्हापासून तिचं आश्वासन एवढंच आहे. किल्ली कोणाची आहे हे सांगणारं प्रमाणपत्र देणारी संस्था अर्जदाराची ओळख तपासते. तो पुढे कशावर सही करणार, हे ती पाहत नाही.

जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कित्येक कंपन्या रीतसर नोंदणी झालेल्या असतात. त्या स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र विकत घेतात. त्यात चोरी नाही, बनावट नाही. अशा फाइलची स्वाक्षरी शंभर टक्के खरी निघते आणि फाइल तरीही नकोशीच असते.

चोरीचीही उदाहरणं आहेत. २०१०मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या सह्या होत्या. २०१७मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.३३ आवृत्तीत घातक कोड घुसला, तो सही होण्याच्या आधीच. त्यामुळे सही अस्सल होती आणि आतला माल दूषित. या दोन्ही फाइलींना 'सुरक्षित' म्हणणारा निकाल वापरणाऱ्याला थेट खड्ड्यात ढकलतो.

मोडीवाचक
'प्रमाणित'ही नको. 'प्रमाणित प्रत' म्हटलं की मूळ कागदाशी ताडून कोणीतरी मजकुराची हमी दिली आहे, असंच आपण समजतो. इथे मजकुराची हमी कोणीच देत नाही. 'साक्षांकित' थोडा जवळ जातो, पण तिथेही साक्ष सही करणाऱ्याच्या ओळखीची आहे, फाइलची नाही.

या निमित्ताने 'शिक्कामोर्तब' आठवला. आज आपण तो 'अंतिम मंजुरी' या अर्थाने वापरतो. जुन्या पत्रांत मोर्तबाचं काम वेगळं होतं. ते पत्राच्या शेवटी उमटायचं, आणि शिवकालीन मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं असत. इथे मजकूर संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, एवढाच त्याचा अर्थ. पत्रातली आज्ञा शहाणपणाची आहे की नाही, हे मोर्तब सांगत नसे. डिजिटल स्वाक्षरीला मला हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो, पण आजच्या वाचकाला त्यातून मंजुरीच ऐकू येईल. म्हणून निकालात तो वापरता येणार नाही, याचं वाईट वाटतं.

खातरजमा
मोडीवाचक, हे फार नेमकं सांगितलंत. त्यात एक भर घालतो. ऑथेंटिकोडमध्ये हॅश काढताना फाइलमधला स्वाक्षरी साठवलेला भाग वगळावाच लागतो. त्या भागात नंतर काही बाइट जोडले तरी सही जुळतच राहते. काही इन्स्टॉलर या फटीतूनच आपली जास्तीची माहिती नेत. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१३मध्ये कडक पडताळणीची सोय दिली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. म्हणजे मोर्तबानंतरही थोडी कोरी जागा उरते.

रेघोटी
मग साधं 'सही असलेली फाइल' का नको?

मोडीवाचक
बोलताना चालेल. पडद्यावर 'सही फाइल' असं आखूड झालं की 'बरोबर फाइल' असं वाचलं जाईल. तिथे 'स्वाक्षरी' बरी. आणि 'स्वाक्षरीत' लिहू नका, तो 'स्वाक्षरीमध्ये' असा वाचला जातो. विशेषण हवंच असेल तर 'स्वाक्षरित', ऱ्हस्व रि.

खातरजमा
माझा आग्रह शब्दापेक्षा वाक्याच्या रचनेवर आहे. विशेषण स्वाक्षरीला लावा, फाइलला लावू नका. 'वैध फाइल' नाही, 'स्वाक्षरी वैध'. निकाल असे येतील: 'स्वाक्षरी जुळते', 'स्वाक्षरी जुळत नाही', 'स्वाक्षरी नाही'. 'प्रमाणपत्राची मुदत संपली' आणि 'प्रमाणपत्र रद्द झालं' हे दोन्ही 'अवैध'मध्ये कोंबू नका. मुदत चालू असताना वेळेची नोंद घेऊन केलेली सही मुदत संपल्यावरही सहसा ग्राह्य धरतात. रद्द होण्यामागे मात्र किल्ली चोरीला जाण्यासारखं कारण असू शकतं.

आणि स्वाक्षरी नसलेल्या फाइलला 'अनधिकृत' म्हणू नका, ही विनंती. प्रमाणपत्राला पैसे पडतात. कितीतरी चांगली मुक्त सॉफ्टवेअर सहीविना येतात, आणि ती करणाऱ्यांवर हा शब्द अन्याय करतो.

शब्दवेल्हाळ
विशेषणाचं एकदम पटलं. आता पीयूपी?

रेघोटी
'अनाहूत सॉफ्टवेअर' सुचवते. न बोलावता आलेलं. दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरबरोबर येतं ना ते?

खातरजमा
शब्द देखणा आहे, पण वाद तिथेच आहे. इन्स्टॉलरच्या एखाद्या पायरीवर आधीच खूण केलेला चौकोन असतो. वापरणारा 'पुढे' दाबत जातो आणि कंपनी म्हणते, तुम्हीच संमती दिलीत, म्हणजे बोलावलंत. हा वाद कोर्टातही गेला आहे. आपल्या सॉफ्टवेअरला अडवल्याबद्दल झँगो या जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर खटला भरला होता. २००९मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. मूळ शब्दात आरोप टाळून निवड वापरणाऱ्यावर सोडलेली आहे. 'अनाहूत'मध्ये आरोप येतो, 'घातक'मध्ये तर येतोच.

मोडीवाचक
'संभाव्य' इथे बसत नाही. 'संभाव्य धोका' म्हणजे पुढे उद्भवू शकणारा धोका. हे सॉफ्टवेअर तर आधीच येऊन बसलेलं आहे, ते तुम्हाला हवं की नको एवढंच ठरायचं आहे. सरळ 'नको असू शकेल असं सॉफ्टवेअर' लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

रेघोटी
आणि अ‍ॅडवेअरला, म्हणजे जाहिरातींच्या सॉफ्टवेअरला, 'जाहिरातखोर'? लाचखोर, भांडखोर यांच्या ओळीत शोभेल.

मोडीवाचक
बोलीत रुळावा असा शब्द आहे. निकालात मात्र 'जाहिराती घुसवणारं' ठेवा. आपल्याच खिडकीत जाहिरात दाखवून फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणि दुसऱ्याच्या वेबपानात जाहिरात घुसवणारा प्रोग्रॅम यांतला फरक या क्रियापदात आहे.

शब्दवेल्हाळ
मग निकाल असा लिहिते: 'स्वाक्षरी जुळते. स्वाक्षरी कोणाची: … ही फाइल जाहिराती घुसवणारी असू शकते.' 'स्वाक्षरी कोणाची'च्या जागी मसुद्यात 'प्रकाशक' होतं, ते काढलं.

खातरजमा
छान. 'स्वाक्षरी कोणाची' हीच ओळ सर्वांत ठळक ठेवा. ओळखीच्या प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरवर भलत्याच कंपनीची सही दिसली, तर कोणीतरी तो नव्याने बांधून आत आणखी काही घातलं असण्याची दाट शक्यता असते. फक्त ते नाव देवनागरीत आणू नका. प्रमाणपत्रात जसं आहे तसंच, मूळ लिपीत दाखवा. खऱ्या नावाशी एका अक्षराचा फरक असलेली नावं याच ठिकाणी पकडली जातात, आणि लिप्यंतरात तो फरक नाहीसा होतो.