कोकमाच्या घरगुती व्यवसायासाठी समाजमाध्यमे: पाहणारे पुष्कळ, मागणी मोजकी

प्रश्न: रातांबा (वेंगुर्ले)

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ आमचा कोकमाचा घरगुती व्यवसाय आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुले (कोकमाच्या वाळवलेल्या साली), अमृत कोकम (कोकमाचे गोड सरबत) आणि थोडी फणसपोळी आम्ही घरीच तयार करतो आणि रस्त्यालगतच्या टपरीवर विकतो. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक येतात तेव्हा माल पुरत नाही, पण पाऊस लागला की गणपतीपर्यंत टपरीसमोर फारसे कोणी थांबत नाही. ही उणीव भरून निघावी म्हणून आम्ही इन्स्टाग्रामवर पान सुरू केले. सोलकढीचा एक रील पुष्कळ लोकांनी पाहिला, त्याखाली प्रतिक्रियाही भरपूर आल्या, परंतु मागणी नोंदवणारे अगदी थोडे निघाले. आता खाद्यपदार्थांवर रील करणाऱ्या एकाने मोबदला घेऊन आमच्या मालाची प्रसिद्धी करण्याची तयारी दाखवली आहे. तो खर्च करावा, की आमचा वेळ आणि पैसा दुसऱ्या एखाद्या माध्यमात घालावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: हापूस बागायतदार (देवगड)

ताई, सोलकढी पाहून तोंडाला पाणी सुटलेल्या माणसाला ते आगळ कोणाकडे, किती रुपयांना आणि कोणत्या क्रमांकावर मिळेल हे त्याच रीलमध्ये कळत होते का, हे आधी तपासावे.

माझा अनुभव असा आहे की, ज्याने आपला माल एकदा चाखला आहे तोच पुन्हा घेतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो, म्हणून मी सर्वांत जास्त कष्ट व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर घेतो. हे अ‍ॅप मोफत आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि किंमत भरून ठेवली की भाव विचारणाऱ्या प्रत्येकाला नव्याने लिहीत बसावे लागत नाही, आणि लेबले लावून मुंबईचे गिऱ्हाईक, पुण्याचे गिऱ्हाईक, किरकोळ दुकानदार अशी वर्गवारीही करता येते. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या, एका यादीत 256 जण घेता येतात, मात्र ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला तो संदेश मिळतच नाही. त्यामुळे खरे काम मे महिन्यात टपरीवरच करायचे आहे. बाटली हातात देतानाच गिऱ्हाइकाला क्रमांक जतन करण्याची विनंती करावी आणि संदेश पाठवला तर चालेल का, हेही विचारून घ्यावे. पुढे महिन्याला एखादाच संदेश पाठवावा, कारण रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात.

उत्तर: चित्रफीत (मालवण)

वरील सल्ला योग्य आहे, पण मला तो अपुरा वाटतो. केवळ जुन्या गिऱ्हाइकांवर व्यवसाय टिकतो, वाढत नाही. मी येथील लहान व्यावसायिकांसाठी फोटो आणि रील करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सोलकढीची कृती कोणीही दाखवू शकतो, परंतु रातांबे (कोकमाची फळे) फोडून बिया वेगळ्या काढणे आणि सालींना रसाची पुटे देत त्या पुन्हा पुन्हा उन्हात वाळवणे, हे ज्याच्या अंगणात घडते त्यालाच दाखवता येते. आगळात मीठ असते आणि अमृत कोकमात साखर, हा फरक शहरातल्या अनेकांना ठाऊक नसतो, आणि तो समजावणारा साधा रीलसुद्धा नेमक्या घेणाऱ्यापर्यंत जातो. रातांब्यांचा हंगाम एप्रिल-मेमधला आहे. त्याच काळात भरपूर चित्रण करून ठेवावे आणि ते वर्षभर थोडे थोडे प्रसिद्ध करावे.

पान प्रोफेशनल प्रकारचे केल्यास आपले अनुयायी कोणत्या शहरांतील आहेत हे दिसते. पैसे खर्च करायचेच असतील तर मुंबई, ठाणे आणि पुणे एवढीच शहरे निवडून छोटी जाहिरात द्यावी आणि तिचे बटण थेट आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर उघडेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे किती रुपयांत किती विचारणा आल्या याचा हिशेब आपल्याच हाती राहतो. मोबदला घेऊन प्रसिद्धी करणाऱ्याला तसा स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक आहे, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये त्याबद्दल मार्गदर्शिकाही काढली आहे. तो उल्लेख टाळू म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नये.

उत्तर: घरगुती निवास (गुहागर)

गुगल मॅप्सचा उल्लेख कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. गाडीत बसलेला पर्यटक जवळपास कोकम कुठे मिळेल हे नकाशावर शोधतो. तेथे टपरीची नोंद विनामूल्य होते. पावसाळ्यातील बदललेल्या वेळा तेथे न चुकता भराव्यात. अभिप्राय अवश्य मागावा, पण त्याबदल्यात सवलत देऊ नये, कारण गुगलच्या नियमांत ते बसत नाही.

एक इशारा कळकळीने देतो. क्रमांक जाहीर झाला की लष्करातून बोलत असल्याचे सांगून मोठी मागणी नोंदवणारे आणि आगाऊ रक्कम देण्यासाठी क्यूआर कोड पाठवणारे भामटे फोन करतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. फसवणूक झालीच तर विलंब न करता 1930 या क्रमांकावर कळवावे.

उत्तर: हापूस बागायतदार (देवगड)

मालवणच्या मित्रांचा जाहिरातीचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त अनोळखी गिऱ्हाईक बाटलीचे लेबल वाचते हे लक्षात ठेवावे. त्यावर अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हवाच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशातील मालाची कायदेशीर ओळख, म्हणजे जीआय) आहे, परंतु अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय ते चिन्ह छापू नये. आणि कुरिअरने आरंभी आमसुलेच पाठवावीत. ती गळत नाहीत आणि फुटत नाहीत. आगळाच्या वेष्टनाची चाचणी आधी मुंबईतल्या नातेवाइकांकडे पाठवून घ्यावी.

प्रश्नकर्ती: रातांबा (वेंगुर्ले)

सर्वांचे मनापासून आभार. मोबदल्याची प्रसिद्धी तूर्त बाजूला ठेवते. कॅटलॉग आणि नकाशावरील नोंद या आठवड्यात पूर्ण करते, आणि रातांबे उतरू लागले की अंगणातले चित्रण सुरू करते. मालवणच्या दादांना एकच विचारायचे आहे: सालींचा लालभडक रंग मोबाइलमध्ये काळपट उतरतो, तर चित्रण सकाळच्या उन्हात करावे की सावलीत?