मदत हवी आहे: एक्सप्रेसच्या राउटरकडे सीएसएस मागितली तर एचटीएमएल मिळतंय

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची मी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि एक्सप्रेस (तिच्यावर वेबसाइट बनवायची चौकट) वापरून करतोय. सगळं एका राउटरमध्ये (कोणत्या पत्त्याला काय उत्तर द्यायचं ते ठरवणारा कोड) आहे आणि तो '/ग्रंथालय' या पत्त्यावर जोडलाय. 'पब्लिक' फोल्डरमधली सीएसएस (पानाची सजावट ठरवणारी फाइल) आणि चित्रं एक्सप्रेसमधलं 'एक्सप्रेस.स्टॅटिक' पुरवतं.

लॅपटॉपवर चालायचं, पण सर्व्हरवर सिस्टमडीतून (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणारी व्यवस्था) सुरू केलं की फाइल सापडायच्या नाहीत. ते सुटलं. नुसतं 'पब्लिक' लिहिलं तर प्रोसेस ज्या फोल्डरमधून सुरू झाली तिथून शोध होतो, राउटरच्या फाइलपासून नाही. आता 'डिरनेम'वरून (म्हणजे त्या कोड-फाइलच्या स्वतःच्या फोल्डरवरून) पूर्ण मार्ग देतोय. दोन रात्री गेल्या यात.

खरी अडचण पुढे आहे. मुखपृष्ठ नीट दिसतं, पण '/ग्रंथालय/पुस्तक/42' थेट उघडलं की पान उघडंबोडकं. सीएसएसची लिंक सापेक्ष (उघडलेल्या पानाच्या पत्त्यावरून ठरणारी) असल्याने ब्राउझर ती '/ग्रंथालय/पुस्तक/' खाली शोधतो. तिथे फाइल नाही, म्हणून विनंती शेवटच्या सर्वसमावेशक राउटला जाते आणि तो 200 (म्हणजे 'सगळं ठीक') देऊन इंडेक्सचं पान पाठवतो. मग उत्तराचा प्रकार टेक्स्ट-एचटीएमएल (म्हणजे वेबपान) बघून ब्राउझर ती सीएसएस नाकारतो.

लिंका '/ग्रंथालय/...' अशा पक्क्या लिहू, की बेस टॅग (पानातल्या सापेक्ष लिंका कुठून मोजायच्या ते सांगणारा) लावू? उद्या पत्ता बदलला तर काय, ही काळजी आहे. शिवाय न सापडलेल्या फाइलला सरळ 404 ('सापडलं नाही') मिळावं म्हणून स्टॅटिकचं 'फॉलथ्रू' (फाइल नसली तर विनंती पुढच्या राउटकडे सोडणारी सेटिंग) बंद केलं, तर त्याच राउटरमधली बाकीची पानंही अडकतात. स्टॅटिकला वेगळा उपमार्ग देणं बरं, की हे काम एनजिनएक्सकडेच (एक्सप्रेसच्या पुढे लावायचा वेगळा वेब सर्व्हर) सोपवावं? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.